करमत नाही? त्यावरचा एक उलटा उपाय

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.)

हेडफोन लावून ऐकत असाल तर आवाज थोडा कमी करा. आजचा भाग मी चुडाव्यात बसून रेकॉर्ड करतोय, आणि मधेच एखादी गाडी गेली तर हॉर्न थेट तुमच्या कानात येईल. चुडावा माहीत नसलेल्यांसाठी सांगतो: परभणी जिल्हा, पूर्णा तालुका. पूर्णा जंक्शनवरून नांदेडकडे निघालं की लागणारं लहानसं स्टेशन. इथली बरीच पोरं-पोरी नांदेडला अप-डाऊन करतात. कुणी कॉलेजला, कुणी क्लासला, कुणी दुकानात कामाला. काही जण तिथंच रूम करून राहतात, काही त्याच्याही पुढं पुण्याला गेलेत. आणि काही जण, सगळे गेल्यावर मागं उरलेत.

या तिन्ही प्रकारच्या पोरांच्या तोंडून एकच वाक्य ऐकू येतं. करमत नाही.

आज त्यावरच बोलायचंय. आणि मी जो उपाय सांगणार आहे तो ऐकून तुम्ही पहिल्यांदा म्हणाल, हा काहीतरी उलटंच सांगतोय. उपाय असा, की आपल्याला कुणाचा आधार नाही असं वाटत असेल तर आपणच दुसऱ्या कुणाला तरी आधार द्यायला लागायचं. ज्याच्या खिशात दहा रुपये नाहीत त्याच्याकडंच उसने मागायला गेल्यासारखं वाटतं ना हे? पण मनाचा हिशोब पैशासारखा चालत नाही. तो कसा चालतो तेच आज उलगडून बघू.

आधी शब्दांचं बोलू. ‘एकटेपणा’ हा शब्द आपण लिहितो, बोलत नाही. "मला एकटेपणा जाणवतो" असं कुणी पारावर बसून म्हणालं तर बाकीचे त्याच्याकडं बघतच राहतील. आपण म्हणतो करमत नाही, जीव लागत नाही. काळजीचंही तसंच. घोर लागला, धाकधूक होते, आणि आता सगळ्यांत जास्त, टेन्शन आलंय. शब्द साधे आहेत म्हणून दुखणं साधं असतं असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2025 च्या जूनमध्ये एक अहवाल काढला. त्यात म्हटलंय की जगात दर सहा माणसांमागं एकाला एकटेपणाचा त्रास आहे, आणि तो फक्त म्हाताऱ्यांचा नाही, तरुणांमध्येही भरपूर आहे.

एक फरक लक्षात घ्या. एकटं असणं वेगळं आणि एकटेपणा वेगळा. रात्री रानात पाणी द्यायला गेलेला माणूस एकटाच असतो, पण त्याला घरी कुणीतरी वाट बघतंय हे माहीत असतं. उलट नांदेडच्या मेसमध्ये चाळीस जणांच्या पंगतीत बसलेल्या पोराला वाटू शकतं की मी उद्या आलो नाही तर यातल्या एकाच्याही लक्षात येणार नाही. दुखतं ते हे. माणसं किती आहेत यापेक्षा, आपली कुणाला गरज आहे का, हा प्रश्न जास्त टोचतो.

आणि एकदा तो टोचायला लागला की मन एक विचित्र काम सुरू करतं. सगळे कॅमेरे स्वतःकडं वळवतं. मेसेजला दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही आलं. मी काही चुकीचं बोललो का? ग्रुपमध्ये सगळे हसले, माझ्यावर हसले का? दिवसभर स्वतःचंच सीसीटीव्ही फुटेज मागं-पुढं करून बघत बसायचं. घोर आणि एकटेपणा हे दोघं इथं एकमेकांना धरून चालतात. घोरामुळं माणूस लोकांना टाळतो, टाळल्यामुळं आणखी एकटा पडतो, एकटा पडला की फुटेज बघायला आणखी वेळ.

आता लोक यावर काय सांगतात? "मन मोकळं कर, कुणाशी तरी बोल." सल्ला बरोबर आहे. पण ज्याला आधीच वाटतंय की मी सगळ्यांवर ओझं आहे, त्याला आणखी कुणापुढं तरी रडगाणं घेऊन जायचं म्हणजे अवघड. तो जात नाही. म्हणून दुसऱ्या दाराची गोष्ट.

ही गोष्ट आपल्या मराठवाड्यातलीच आहे. 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, लोक गणपती बोळवून उशिरा झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतली कितीतरी गावं झोपेतच गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, ते सगळं अंगावर आलं. हजारो माणसं मेली. तुमच्या घरातल्या पन्नाशीच्या पुढच्या कुणालाही विचारा, त्या सकाळची आठवण त्यांच्याकडं असतेच.

त्यानंतर सरकारनं घरं बांधायचा आणि तडे गेलेली घरं मजबूत करायचा मोठा कार्यक्रम घेतला. हजाराहून जास्त गावं होती त्यात. आता प्रश्न आला, गावागावांत लोकांना समजावून सांगणार कोण? घराचे पैसे कसे मिळणार, भिंत कशी बांधायची, इंजिनिअर म्हणतो त्याचा अर्थ काय? प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं या कामासाठी गावातल्याच बायांना पुढं आणलं. त्यांना नाव होतं ‘संवाद सहायक’. यातल्या कितीतरी जणी अशा गावांतल्या की जिथं भूकंपाआधी बाई ग्रामपंचायतीची पायरीसुद्धा चढत नव्हती.

काम कागदावर घराचं होतं. पण विचार करा, ज्या घरात माणूस गेलंय तिथं जाऊन तुम्ही भिंतीबद्दल बोलायला सुरुवात कशी करणार? आधी बसावं लागतं. ती बाई जे सांगते ते ऐकावं लागतं. मग कुठं सिमेंटचा विषय निघतो. आणि सांगणारीच्या घरालाही तडा गेलेलाच आहे, त्यामुळं "तुला काय कळणार" असं तिला कुणी म्हणू शकत नाही.

याच्यापुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. 26 जानेवारी 2001 ला गुजरातमध्ये कच्छचा भूकंप झाला. तेव्हा या लातूर-उस्मानाबादच्या बाया तिकडं गेल्या. भाषा वेगळी, मुलूख वेगळा. गेल्या ते धान्य-कपडे वाटायला म्हणून नव्हे. आमच्यावर हेच आलं होतं, आम्ही यातून कसं उभं राहिलो ते सांगायला आणि तिथल्या बायांचं ऐकायला गेल्या. सात-आठ वर्षांपूर्वी सरकारी यादीत ज्यांची नोंद ‘भूकंपग्रस्त’ अशी होती, त्या आता दुसऱ्या राज्यात कुणाचा तरी हात धरून बसल्या होत्या. माणूस तोच, दुःख तेच. फक्त त्या दुःखाचा आता कुणाला तरी उपयोग होत होता.

हा जो बदल आहे ना, घेणाऱ्याचा देणारा होण्याचा, त्याला अभ्यासकांनी नाव दिलंय. फ्रँक रीसमन नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं 1965 मध्ये एक छोटा लेख लिहिला. त्याचं म्हणणं असं की मदत घेणाऱ्याला किती फायदा होतो याची मोजदाद सगळे करतात, पण मदत देणाऱ्याला हमखास होतो त्या फायद्याकडं कुणी बघत नाही. त्यानं उदाहरणं घेतली होती ती अशा गटांची, जिथं एकाच दुखण्याची माणसं एकमेकांना सांभाळतात. आणि त्यातलं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण दारू सोडणाऱ्यांचं.

ती गोष्ट सांगतोच, कारण तिच्यात आपल्या विषयाचं सगळं सार आलंय. 1935 साल, अमेरिकेतलं अ‍ॅक्रन नावाचं शहर. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस तिथं धंद्याच्या कामासाठी आला होता. भयंकर दारुडा होता, पण पाचेक महिने त्यानं थेंबाला हात लावला नव्हता. आणि इथं आल्यावर धंद्याचा व्यवहार फसला. परकं शहर, खिशात पैसे नाहीत, हॉटेलच्या दर्शनी खोलीत एकटा उभा. एका बाजूला बार, तिथून हसण्या-खिदळण्याचा आवाज येतोय.

आपण असतो तर काय केलं असतं? कुणाला तरी फोन करून म्हणालो असतो, मला सावर. त्यानं फोन केला, पण उलटा. तिथं चर्चच्या नाव-नंबरांची यादी होती, ती घेऊन तो एकेक नंबर फिरवत गेला आणि विचारत गेला, तुमच्या माहितीत दारू सुटत नाही असा कुणी आहे का, मला त्याच्याशी बोलायचंय. कारण गेल्या काही महिन्यांत त्याच्या एक गोष्ट लक्षात आली होती. त्यानं ज्या दारुड्यांना समजावलं त्यातला एकही सुटला नव्हता, पण समजवायला गेल्यामुळं तो स्वतः मात्र टिकला होता!

त्या फोनाफोनीतून त्याला भेटले डॉक्टर बॉब स्मिथ. पंधरा मिनिटांत उठणार असं ठरवून आलेले डॉक्टर कित्येक तास बसले. कारण पहिल्यांदाच समोरचा माणूस उपदेश करत नव्हता, स्वतःचंच सांगत होता. डॉक्टरांनी 10 जून 1935 ला शेवटचा प्याला घेतला, आणि तीच ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ची जन्मतारीख मानतात. आज महाराष्ट्रातही गावोगावी त्याच्या सभा भरतात.

आपल्याकडं पुण्यात 1986 मध्ये मुक्तांगण सुरू झालं. डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी उभं केलेलं व्यसनमुक्ती केंद्र, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला पहिला हात दिला. तिथंही हेच दिसतं. व्यसनातून बाहेर आलेली माणसंच पुढं तिथं काम करायला लागली. नवीन आलेला पेशंट थरथरत असतो तेव्हा त्याच्या शेजारी बसणारा माणूस कधीकाळी त्याच खाटेवर थरथरलेला असतो. आणि पेशंटांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा गट आहे. वर्षानुवर्षं नवऱ्याच्या दारूची लाज एकटीनं गिळलेली बाई तिथं दुसरीला सांगते, माझ्याकडंही असंच होतं.

(इथं गाडी गेली. एवढा भाग कापला नाही, ऐकणाऱ्यांनी माफ करावं.)

आता कुणी म्हणेल, या मोठमोठ्या संकटांच्या गोष्टी झाल्या. मला काही भूकंप झाला नाही की दारू नाही, मला नुसतं रविवारी संध्याकाळी रूमवर रडू येतं. बरोबर आहे. त्याचंही उत्तर आहे. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात 122 लोकांवर एक प्रयोग झाला, 2023 मध्ये तो छापून आला. हे सगळे घोर किंवा उदासीचा त्रास असलेले लोक. त्यांचे तीन गट केले. एका गटाला सांगितलं, लोकांमध्ये मिसळा, कार्यक्रम ठरवा. दुसऱ्याला सांगितलं, मनात येणारे वाईट विचार वहीत लिहून तपासा. तिसऱ्याला सांगितलं, आठवड्यातले दोन दिवस, रोज तीन, कुणासाठी तरी लहानसं चांगलं काम करा. पाच आठवड्यांनी तिन्ही गटांना थोडंफार बरं वाटत होतं. पण लोकांशी जोडल्यासारखं वाटणं सगळ्यांत जास्त वाढलं ते तिसऱ्या गटात. कारणही सापडलं: दुसऱ्याचं काहीतरी करत असताना त्यांचं स्वतःकडं बघणं कमी झालं. म्हणजे आपला तो सीसीटीव्ही कॅमेरा, तो दुसरीकडं वळला.

मेंदूतही हे दिसतं. 2012 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये झालेल्या एका अभ्यासात मुलींना मेंदूच्या स्कॅनिंग मशीनमध्ये ठेवलं आणि बाहेर उभ्या असलेल्या त्यांच्या जोडीदाराला हलका विजेचा झटका दिला. झटक्याच्या वेळी मुलीनं त्याचा दंड धरला, तर तिच्या मेंदूतला सुखाशी जोडलेला भाग जागा होत होता, आणि आधाराची माया जागवणारा भाग जितका जास्त जागा होई तितका भीतीचा भाग शांत. आता झटका कुणाला बसला? त्याला. हात धरणारी ती. आणि शांत कोण झालं? ती. तुम्ही कधी दवाखान्यात आजीच्या उशाशी बसला असाल तर मशीनशिवायही हे तुम्हाला माहीत आहे.

बरं, हे सगळं मोबाईलच्या काळात कसं जमवायचं? नाशिक जिल्ह्यात ‘आत्मीयता’ नावाचा एक प्रकल्प झाला. पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजशी जोडलेल्या मानसिक आरोग्याच्या केंद्रानं तो 2013 च्या सुमाराला सुरू केला. आदिवासी पट्ट्यातली चाळीसेक गावं. तिथं डॉक्टर कुठून आणणार? म्हणून गावातलीच माणसं निवडली, ज्यांच्याकडं लोक एरवीही सल्ला मागायला येतात अशी. त्यांना काय शिकवलं? ऐकायचं कसं ते. आणि त्यांच्या हातात स्मार्टफोन दिले, त्यात छोट्या मराठी फिल्म होत्या: दारू, घरातली मारहाण, बेकारी असल्या विषयांवरच्या. ओट्यावर बसून दोघांनी एकाच फोनवर फिल्म बघायची, मग आपोआप बोलणं निघतं, "आमच्याकडंबी असंच हाय." हीच माणसं पेन्शनचा, रेशनचा अर्ज भरायलाही मदत करायची. मला हा भाग फार पटतो. ज्याच्या घोराचं कारण अडकलेलं रेशनकार्ड आहे त्याला श्वास मोजायला सांगून काय होणार!

आता चुडाव्याकडं येऊ. गावात आधार द्यायच्या रीती नाहीत असं नाही. उलट शहरापेक्षा जास्त आहेत. कुणाच्या घरी मयत झालं की त्या घरी चूल पेटत नाही. सोयरे, भाऊबंद भाकरी-पिठलं घेऊन जातात, बळंच दोन घास खायला लावतात. कडू घास म्हणतात त्याला. बाया येऊन नुसत्या शेजारी बसतात. कुणी भाषण देत नाही. हे ज्यानं कुणी ठरवलं असेल त्याला माणसाचं मन नीट कळलेलं होतं.

पण या रीतीला एक मुदत आहे. तेरावा झाला की मांडव निघतो, पाहुणे जातात, आणि घोर खरा तिथून लागतो. विसाव्या दिवशी, चाळिसाव्या दिवशी त्या घरात कुणी जात नाही. आणि काही दुःखांना तर कडू घासच नाही. पोलीस भरतीत दोन मार्कांनी राहिलं, त्याच्या घरी कोण भाकरी घेऊन जातं? नीटचा दुसरा ड्रॉप घेतलेली पोरगी, तिसऱ्यांदा लग्न जमता-जमता मोडलेला सत्तावीस वर्षांचा गडी, पीक गेल्यावर गप्प झालेला बाप. यांच्याकडं लोक जातात ते विचारायला, "काय झालं मग तुझ्या परीक्षेचं?" त्यापेक्षा न गेलेले बरे.

तुमचं काम इथं आहे. सगळ्या गावाचं नाही. एक माणूस निवडा. कुणाचं नाव मनात आलं असेलच आता.

सुरुवात मेसेजनं केली तरी चालेल, पण "कसा आहेस" विचारू नका. त्याचं उत्तर ठरलेलं असतं, "बरंय." मग तुम्ही अंगठा पाठवता, विषय संपला. नेमकं विचारा. जेवलास का? काल झोप लागली का? परवा गाडीत दिसली नाहीस, बरी आहेस ना? नेमक्या प्रश्नातून समोरच्याला एक गोष्ट कळते, की माझ्याकडं कुणाचं तरी लक्ष आहे. मघाशी मेसच्या पंगतीतल्या पोराचं सांगितलं ना, त्याला एवढंच हवं असतं.

मग ते बोलायला लागलं की आपण गप्प बसायचं. अवघड आहे हे! आपल्याला लगेच तोंड उघडायची सवय. "अरे त्यात काय, माझंच बघ ना," म्हणून आपण त्याची गोष्ट हिसकावून घेतो. किंवा "टेन्शन घेऊ नको" म्हणतो. टेन्शन घेऊ नको म्हणजे समोरच्याच्या तोंडावर हळूच दार लावणं. त्यापेक्षा सरळ विचारा, "मी नुसतं ऐकू, का काही करू?" दहापैकी आठ वेळा उत्तर येतं, नुसतं ऐक. (हा आकडा माझा अंदाज, अभ्यास-बिभ्यास नाही.)

पोरांसाठी एक युक्ती. दोन पोरं समोरासमोर बसून मनातलं बोलत नाहीत, लाजतात. शेजारी-शेजारी असली की बोलतात. गाडीवर मागं बसून, प्लॅटफॉर्मच्या बाकावर, रानाकडं चालत जाताना. डोळ्यांत बघायचं नसलं की शब्द सुटतात. पोरींचं वेगळं. कितीतरी जणींचा फोन घरच्यांच्या हातात असतो, त्यामुळं चॅटवर मनातलं लिहायला लावू नका, ती अडचणीत येईल. क्लासला जाता-येता, डब्यात शेजारी बसून बोला. आणि एक पक्कं: ऐकलेलं बाहेर जाता कामा नये. गावात सकाळी सांगितलेली गोष्ट संध्याकाळी हॉटेलवर चहासोबत मिळते. एकदा असं झालं की ते माणूस पुन्हा कुणालाच सांगणार नाही.

आता कुठं थांबायचं ते. ज्यांना आधीच दिवसभर दुसऱ्यांचंच करावं लागतं त्यांच्यासाठी हा भाग नाही. सासू-सासरे, नवरा, पोरं, जनावरं, सगळ्यांचं करून रात्री अकराला जेवणाऱ्या बाईला कुणी हा भाग पाठवून "बघ, दुसऱ्याचं केलं की बरं वाटतं" असं म्हणू नका. तिला आधार देण्याची नाही, घेण्याची पाळी आहे. देण्याचं सुख तेव्हाच मिळतं जेव्हा ते आपण आपल्या मर्जीनं देतो. आणि ग्रुपमधला तो एक असतो ना, सगळ्यांचे ब्रेकअप ऐकणारा, रात्री दोनला फोन उचलणारा, स्वतःचं कधीच न सांगणारा? त्यानं रात्री फोन बंद करून झोपावं. उद्या सकाळी बोललं तरी चालतं असं सांगता आलं पाहिजे.

सतत दुःख ऐकून ऐकणाराच खचत नाही का? आफ्रिकेतल्या झिम्बाब्वेत ‘फ्रेंडशिप बेंच’ नावाचं काम चालतं. डॉ. डिक्सन चिबांडा यांनी 2006 मध्ये हरारे शहरात चौदा आज्यांना घेऊन सुरू केलेलं. दवाखान्याबाहेर लाकडी बाक, त्यावर आजी बसते आणि ‘कुफुंगिसिसा’ झालेल्या माणसाचं ऐकते. त्यांच्या शोना भाषेत त्याचा अर्थ फार विचार करणं. आपण म्हणतो ना, पोरगं लै विचार करतंय, तेच. असं काम करणाऱ्यांचीच पुढं तपासणी झाली, तर त्यांच्यात मानसिक त्रास अपेक्षेपेक्षा कमी निघाला. पण त्यांना शिकवणारं, सांभाळणारं माणूस मागं असतं हे विसरू नका. तुम्हीही कुणाला तरी धरून ठेवा.

आणि काही गोष्टी तुमच्या हातातल्या नाहीत. सलग दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, कशातच मन नाही, छातीत धडधड होऊन कामधंदा बंद पडलाय, तर डॉक्टर लागतो. परभणीचं जिल्हा रुग्णालय आहे, नांदेडला विष्णुपुरीचं सरकारी मेडिकल कॉलेज आहे. सोबत जा. सोबत जाणं हाच तेव्हाचा आधार. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, नंबर 14416, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आत्ता सेव्ह करा, मी थांबतो.

केला? बरं. समोरचा म्हणाला, "जगून काय उपयोग," तर घाबरून विषय बदलू नका. स्पष्ट विचारा, जीव द्यायचा विचार येतोय का? विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. त्याला एकटं सोडू नका. घरात फवारणीचं औषध असेल तर ते कुलपात जाऊ दे, किल्ली दुसऱ्याकडं. घरातल्या एका मोठ्या माणसाला सांगा, 14416 ला लावा, धोका समोर दिसत असेल तर 112. "कुणाला सांगू नको" अशी शपथ त्यानं घातली असली तरी इथं ती मोडायची. इथं मैत्री शपथेपेक्षा मोठी.

शेवटचं एक, आणि हे मला सगळ्यांत उशिरा सुचलं. देणाऱ्याला बरं वाटतं हे जर खरं असेल, तर ज्याला आपण आधार देतोय त्यालाही देणारा होऊ द्यायला पाहिजे ना? नाहीतर आपण बरे होऊ आणि तो मात्र कायमचा ‘बिचारा’ राहील. म्हणून त्याच्याकडं काहीतरी मागा. खरंच लागणारं मागा, खोटं लगेच कळतं. भरतीत राहिलेल्या त्या पोराला म्हणा, माझ्या धाकट्या भावाला तुझ्यासारखं धावायला शिकव, पुढच्या वर्षी त्याचीही भरती आहे. ड्रॉप घेतलेल्या पोरीला म्हणा, दहावीच्या पोरींना विज्ञान समजत नाही, रविवारी तासभर येशील का? गप्प झालेल्या बापाला विचारा, तात्या, यंदा हळद करावी म्हणतोय, बेणं कुठून आणू? आणि मग ते काय सांगतात ते वहीत लिहून घ्या. त्यांच्यासमोर लिहा.